चिखल कुणाच्या बाजूचा?

इंजिन सारखं म्हणजे सामना बरोबरीचा, असं वाटतं ना? मग एकदा मुरुमावर पाण्याचा टँकर फिरवून बघा!

शाहूपुरीत राहायचं आणि गाड्यांविषयी मत नसायचं, हे काही जमत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. तेव्हा इथं गुळाचे भाव चर्चेत असायचे. माझ्या गल्लीत सध्या टायरचे असतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजात संध्याकाळी चहा आला की विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो : ऑटोक्रॉस.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोकळं रान घ्यायचं. त्यात जेसीबी फिरवून किलोमीटरभराचा वेडावाकडा ट्रॅक काढायचा. एका वेळी एक गाडी सोडायची आणि तिची वेळ मोजायची. कोन पाडला की दंडाचे सेकंद वाढतात. शर्यत घड्याळाशी असते, त्यामुळे शेजारून कुणी येऊन ठोकेल ही भीती नाही. हेल्मेट घाला, बेल्ट लावा आणि सोमवारी ऑफिसला न्यायची तीच गाडी रविवारी पळवा. स्वस्तात मस्त!

मी स्वतः चालवत नाही. हौशी स्पर्धांत स्टार्ट लाइनपाशी पॅड घेऊन वेळा लिहायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे कोण कधी सुटला, त्या वेळी जमीन कशी होती आणि कोण कुठं ओरडला, हे सगळं मला फुकटात बघायला मिळतं. आणि बघून बघून माझं एक मत झालंय : आपण गाड्यांचे गट पाडतो तेच चुकीच्या आकड्यावरून.

तो आकडा म्हणजे सीसी. इतक्या सीसीपर्यंत हा गट, त्याच्या वर तो गट. कागदावर एकदम चोख! आता एक जोडी घ्या. मारुती एस्टीम आणि मारुती जिप्सी किंग. दोघींचं इंजिन एकाच घराण्यातलं, १२९८ सीसीचं. पुढच्या काळात एस्टीमची ताकद ८५ बीएचपी, जिप्सीची ८०. म्हणजे एस्टीमच थोडी वरचढ. शिवाय ती बुटकी, तिचं वजन खाली, वळणावर झुकणार कमी. कोरड्या डांबरावर कोन लावले तर मी डोळे झाकून एस्टीमवर पैज लावीन. पण ओल्या मुरुमावर? तिथं जिप्सी लिव्हर ओढून फोर व्हील ड्राइव्ह टाकते आणि सुसाट सुटते. एस्टीमची पुढची चाकं मात्र जागच्या जागी गरगरत राहतात. नाद खुळा!

यात जादू काही नाही. टायरच्या पकडीला आपल्या पगारासारखं समजा. महिन्याची रक्कम ठरलेली. गाडी पुढं ओढायला जितका खर्च होईल तितकं वळायला कमी उरतं. एस्टीम, स्विफ्ट, आय-२० या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. म्हणजे तुमच्या-माझ्या बहुतेक गाड्या तशाच. त्यांत ओढायचं आणि वळायचं, दोन्ही हप्ते पुढच्याच दोन टायरच्या पगारातून जातात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कामं वाटली जातात, पुढची वळवतात, मागची ढकलतात. आणि फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे घरात चार कमावते! पगार कमी झाला की, म्हणजे जमीन निसरडी झाली की, हा फरक लगेच जाणवतो.

मग रिअर व्हील ड्राइव्हवाल्यांचं काय? त्यांचा हिशेब वेगळा. गाडी सुटताना भार मागं सरकतो आणि ढकलणारी चाकं जमिनीवर दाबली जातात. पण हे होतं पकड चांगली असेल तेव्हा. चिखलात गाडी झपकन सुटतच नाही, तर भार मागं सरकणार कुठून? रिकामी बोलेरो किंवा ओम्नी ओल्या रानात आणून बघा, मागची बाजू डोलत डोलत पुढं जायला बघते. फ्रंट व्हीलवाल्यांच्या निदान ओढणाऱ्या चाकांवर इंजिनाचं ओझं असतं. (नॅनोचं इंजिन मागं, चाकंही मागचीच फिरणारी. तिला या खेळात कुणी मनावर घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.)

आणखी एक गंमत. जिप्सीला चारी चाकांचा फायदा सगळीकडे मिळत नाही. तिच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. घट्ट वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर टायर थोडं घसरून तो फरक जिरवतात. कोरड्या काँक्रीटवर तो जिरत नाही, गाडी अडकल्यासारखी होते. म्हणून तिथं लिव्हर परत टू व्हीलवर. म्हणजे एकच गाडी, पण जमीन बदलली की प्राणीच बदलला! एस्टीम आणि जिप्सी आता जुन्या बाजारातच सापडतात, पण जोडी संपलेली नाही. जिम्नी आणि सियाझ घ्या, दोघी १४६२ सीसीच्या. पुन्हा तोच घोळ.

मोठ्या स्पर्धांत जिप्सीला बरेचदा वेगळा गट मिळतो. आपल्याकडच्या छोट्या स्पर्धेत एंट्रीच कमी. मग आयोजक म्हणतात, 'चार जिप्सी, पाच एस्टीम, घाला एकत्र.' आणि इथून खरा राडा सुरू होतो.

कारण जमीन दिवसभर तशीच राहत नाही. सकाळी वरचा मुरूम भुसभुशीत असतो. पहिल्या चार-पाच गाड्या जणू झाडू मारतात, मग खालची घट्ट जमीन उघडी पडते आणि मागून येणाऱ्यांच्या वेळा सुधारतात. दुपारपर्यंत वळणांवर खोल चाकोऱ्या पडतात. उंच जिप्सीला त्यांचं काही वाटत नाही, सेदानचं पोट मात्र घासतं. मधेच धूळ फार उडते म्हणून टँकर येतो. टँकर गेल्या गेल्या जी गाडी सुटते तिची दोन सेकंदं गेलीच म्हणून समजा. एका स्पर्धेत तीन जिप्सी कोरड्यात धावल्या आणि टँकर फिरल्यावर पहिला नंबर लागला एका एस्टीमचा. पोरगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला, गाडी सेकंडहँड, टायर स्वतःच्या बोनसमधून घेतलेले. चौथा आला. माझ्या पॅडकडे एकदा बघितलं, काही बोलला नाही. पुढच्या दोन स्पर्धांना आलाच नाही. एक एंट्री कमी, म्हणजे गट अजून लहान, म्हणजे पुन्हा 'घाला एकत्र'.

हे दुखणं फक्त आपलं नाही. रॅलीत ऑडी क्वाट्रो आल्यावर फोर व्हील ड्राइव्हपुढं काही चालणार नाही, असं सगळे म्हणत होते. तरी १९८३ ची माँटे कार्लो रॅली मागच्या चाकांवर चालणाऱ्या लॅन्शिया ०३७ नं जिंकली. त्या वर्षी रस्ते नेहमीपेक्षा कोरडे होते. निर्मात्यांचं जगज्जेतेपदही लॅन्शियानंच नेलं. त्यानंतर मात्र ते कुठल्याच रिअर व्हील ड्राइव्ह गाडीला मिळालं नाही आणि लॅन्शियासुद्धा फोर व्हीलकडे वळली. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये १९९६ साली ऑडी ए-४ क्वाट्रोनं धुमाकूळ घातला. आधी तिच्यावर जादा वजन लादलं, मग १९९८ पासून फोर व्हील ड्राइव्हलाच बंदी. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये गटागटाला एक गुणक देतात. तुमची वेळ त्यानं गुणायची आणि मग सगळ्यांची एकत्र यादी लावायची. कल्पना छान, पण पाऊस आला की गुणक तोच राहतो आणि फोर व्हीलवाले खुशीत!

खरं तर कोल्हापुरानं हे बाहेरून शिकायची गरजच नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग वेगवेगळे लढवतात, मग दोन्हींच्या विजेत्यांची गाठ पडते. मातीचा मल्ल गादीवर वेगळा लढतो, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. पैलवानाला जे लागू, ते गाडीला का नाही?

गॅरेजातल्या मिस्त्रींना हे पटत नाही. "रान बघून गाडी आणावी की भावा. जमीन वाचता येणं हीच ड्रायव्हिंग." त्यांचं अर्धं खरं आहे. जमीन वाचायलाच हवी. पण रानाप्रमाणे गाडी बदलायची म्हणजे दारात दोन गाड्या लागतात, आणि ज्याच्या दारात एकीचा हप्ता चालू आहे त्याला हौशी स्पर्धा म्हणायची तरी कशासाठी?

माझं मागणं फार नाही. गट चाकांवरून पाडा, सीसी त्यानंतर. एका गटाच्या गाड्या लागोपाठ सोडा, मधे टँकर नको. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, म्हणजे झाडू मारायचं काम एकाच्याच नशिबी येणार नाही. आणि सगळ्यांत 'फास्टेस्ट' कोण, ही ट्रॉफी बंदच करा. ती ड्रायव्हरला मिळत नाही, त्या दिवशीच्या हवामानाला मिळते.

पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांनी टँकरची वेळ आधी जाहीर करायचं आणि गट वेगळे ठेवायचं कबूल केलंय, चाकोऱ्यांचं बघू म्हणालेत. त्या एस्टीमवाल्या पोराला मीच फोन लावला. येणार का, विचारलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "जिप्सी किती आल्यात?"