‘रात्रीचा पाहुणा’ : अपत्याच्या ताब्याविषयीच्या एका अटीची भाषिक चिकित्सा

विवाहविच्छेदानंतर अपत्य कोणाच्या ताब्यात असावे, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. परंतु तो निर्णय ज्या शब्दांत लिहिला जातो, त्या शब्दांचा अर्थ पुढे एखाद्या बालकाचे घर ठरवितो. म्हणून त्यांचा विचार भाषेच्या अभ्यासकानेही केला पाहिजे. प्रस्तुत लेखात अशाच एका अटीचा विचार करावयाचा आहे. तिचा आशय थोडक्यात असा : अपत्य ज्या रात्री आईच्या किंवा बापाच्या घरी असेल, त्या रात्री रक्ताचे वा विवाहाचे नाते नसलेल्या प्रौढ व्यक्तीने त्या घरी मुक्काम करू नये. सोयीसाठी तिला आपण ‘मुक्कामबंदीची अट’ म्हणू.

ही अट साचेबंद स्वरूपात आढळते ती मुख्यतः अमेरिकेच्या काही राज्यांतील आदेशांत. तेथेही तिच्याविषयी एकमत नाही. आर्कान्सॉ राज्यातील एका दाव्यात पित्याच्या जोडीदाराने मुलाच्या भेटीच्या काळात रात्री घरी राहू नये, असा आदेश झाला होता. त्या जोडीदारापासून मुलाला काही धोका नाही, हे खालच्या न्यायालयाने मान्य केले होते. तरीही राज्याचे धोरण म्हणून अट घातलीच पाहिजे, अशी त्याची समजूत होती. २०१३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश फिरविला आणि अट मुलाच्या हिताची आहे की नाही हे आधी ठरवा, असे सांगून प्रकरण परत पाठविले.

आपल्याकडील कायद्यात अशी अट मुळीच नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ ह्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचली असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. कलम २५ निर्वाहाच्या रकमेविषयी आहे. निर्वाह घेणाऱ्या पक्षाने पुनर्विवाह केला, किंवा पत्नी असल्यास ती एकनिष्ठ राहिली नाही अथवा पती असल्यास त्याने परस्त्रीशी संबंध ठेवला, तर न्यायालयाला ती रक्कम बदलता किंवा बंद करता येते, असे त्यात सांगितले आहे. लगतचे कलम २६ अपत्याच्या ताब्याचे, पोषणाचे व शिक्षणाचे आहे. त्यात आईबापांच्या वर्तनाचा उल्लेखही नाही. न्याय्य व योग्य वाटेल तो आदेश द्यावा, शक्य तेथे अपत्याची इच्छा पाहावी आणि परिस्थितीनुसार आदेश बदलावा, एवढेच आहे. पैशाला जी अट कायद्याने जोडली, ती त्याने मुलाला जोडली नाही. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तथापि परस्परसंमतीने होणाऱ्या विच्छेदात उभयपक्ष आपल्या शर्ती स्वतः लिहून न्यायालयापुढे ठेवतात. तेथे मुक्कामबंदीची अट लिहिण्यास हरकत कोण घेणार? म्हणून तिच्या शब्दांची परीक्षा करणे अगत्याचे ठरते.

प्रथम ‘ताबा’ हाच शब्द घेऊ. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मागून चालणारा, अधीन असा आहे. मराठीत आपण जमिनीचा ताबा घेतो, भाड्याच्या खोलीचा ताबा सोडतो आणि त्याच शब्दाने मुलाचा ताबा मागतो. मुले म्हणजे आईबापांची चीजवस्तू नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली बजाविले. परंतु शब्दाची जुनी सवय सहज सुटत नाही. ज्याच्या हाती ताबा नाही, त्याला दुसऱ्याच्या घरावर नजर ठेवण्याचा हक्क आपल्याला उरला आहे असे वाटू लागते, आणि मुक्कामबंदीची अट ह्या हक्काचे साधन बनते.

दुसरा शब्द ‘पाहुणा’. संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’, अशी त्याची वाट आहे. त्याचा मराठीतील विस्तार मोठा आहे. सासरचे लोक पाहुणे, मुलगी पाहावयास येणारे पाहुणे, गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानीही घटकाभर पाहुणेच. आता हा शब्द रायगडच्या किनाऱ्यावर नेऊन पाहावा. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ह्या गावांत पर्यटकांना घरातील खोल्या देऊन व जेवू घालून अनेक कुटुंबे चरितार्थ चालवितात. अशा व्यवसायात अनोळखी माणूस रात्री घरी मुक्कामाला असणे हेच उत्पन्न! समजा, नागावातील एका घटस्फोटित स्त्रीच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि तिच्या संमतिपत्रात ‘रात्री परका पाहुणा ठेवणार नाही’ असे वाक्य आहे. शब्दशः वाचल्यास तिने एक तर मुलाला गमवावे, नाही तर त्याच्या शाळेचा खर्च ज्यातून निघतो तो धंदा. कोळीवाड्यातही तीच अडचण. पहाटेच्या भरतीला होडी सोडावयाची म्हणून एखादा खलाशी नाखव्याच्या पडवीत निजला, तर तो पाहुणा म्हणावा की कामकरी? पडवी घरात मोडते की नाही? वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात हे लोक नव्हतेच, हे उघड आहे. त्याच्या मनात एकच व्यक्ती होती, आणि तिला नाव देण्याच्या संकोचाने त्याने ‘पाहुणा’ हा शब्द वापरला. सौम्य शब्दाने संकोच झाकला जातो खरा, पण त्यामुळे अटीला मर्यादा राहत नाही.

तिसरा शब्द ‘नाते’. नात्याचा तो निर्धोक आणि परका तो धोक्याचा, असे हे वाक्य गृहीत धरते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम असे मानीत नाही. बालकाच्या नातेवाइकाने, किंवा त्याच घरात राहणाऱ्या व्यक्तीने केलेला अपराध त्याने अधिक गंभीर ठरविला आहे. म्हणजे काका आणि आईचा मित्र ह्यांना कायदा एकाच मापाने मोजतो. मुक्कामबंदीची अट मात्र पहिल्याला दार उघडून देते.

परक्या पुरुषाविषयीची ही शंका नवी नाही. विधवाविवाहाला मान्यता देणाऱ्या १८५६ च्या कायद्यानेही, विधवेने पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या आप्तांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याची मुभा तिसऱ्या कलमात ठेवली होती; तो कायदा १९८३ साली रद्द झाला. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड ह्या भागांत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. मुस्लिम विधीतील ‘हिजानत’ म्हणजे आईचा संगोपनाचा हक्क. मुलाशी ज्याचे निषिद्ध नाते नाही अशा पुरुषाशी तिने विवाह केल्यास तो खुंटतो, असा परंपरागत नियम आहे. मात्र पालक व पाल्य अधिनियम, १८९० ह्याखाली न्यायालय पाल्याचे हितही पाहते. दोन्ही परंपरांत प्रश्न आईच्या घरी कोण आला एवढाच विचारला गेला. मुलाचे काय झाले, हा प्रश्न मागाहून आला.

आता तो प्रश्न पुढे आला आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ ह्याच्या कलम १३ ने पाल्याचे हित सर्वोपरी मानले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचे कारण होऊ शकेल, पण ताबा नाकारण्याचे नव्हे, असे स्पष्ट केले. पत्नी म्हणून असलेला दोष आणि आई म्हणून असलेली योग्यता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हाच त्याचा अर्थ.

एका शब्दाने किती फरक पडतो, ह्याचे उत्तम उदाहरण वरील १९५६ च्या अधिनियमातच आहे. अज्ञान अपत्याचा नैसर्गिक पालक पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता, असे कलम ६ म्हणते. म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतरच काय? १९९९ साली गीता हरिहरन ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ ‘त्याच्या अभावी’ असा लावला. मराठी बोलणाऱ्याला हे अपरिचित वाटू नये. ‘त्याच्या मागे दोन मुले आहेत’ ह्यात ‘मागे’ म्हणजे मृत्यूनंतर. ‘माझ्या मागे घर सांभाळ’ ह्यात ‘मागे’ म्हणजे गैरहजेरीत. शब्द एक, अर्थ दोन. आणि त्यांतील एका अर्थाने आईला पालकत्व मिळाले. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेपासून दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा अलिबागच्या न्यायालयात दाखल होणाऱ्या मराठी संमतिपत्रातील प्रत्येक शब्दाला हेच वजन आहे.

तर मग अशी अट कधीच लिहू नये काय? असे म्हणणे अतिरेकाचे होईल. घरी येणारी एखादी व्यक्ती दारू पिऊन मारहाण करते, किंवा तिच्यावर बालकाविषयीच्या अपराधाचा आरोप आहे, तर तिला रोखलेच पाहिजे. परंतु तेथे वाक्य निराळे होते : अमुक व्यक्ती, अमुक कारणास्तव, अपत्य घरी असताना दिवसा अथवा रात्री तेथे राहणार नाही, आणि अमुक काळानंतर ह्या अटीचा फेरविचार होईल. ह्या वाक्यात व्यक्ती ठरलेली आहे, धोका सांगितलेला आहे आणि मुदत घातलेली आहे. धोका दिवसाही असू शकतो, म्हणून केवळ रात्रीवर त्याचा भर नाही. आणि हे वाक्य बापाच्या घरालाही तितकेच लागू पडते.

न्या. अजित प्रकाश शहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याच्या तरतुदीची शिफारस केली. मूल दोन घरांत वाढू लागले, म्हणजे प्रत्येक घरावर अटी लिहिण्याचा मोहही दुप्पट होणार. अशा वेळी संमतिपत्र लिहिणाऱ्याने आपल्या वाक्याला एकच प्रश्न विचारावा : ह्या अटीचा भंग झाला, तर मुलाचे नेमके काय बिघडेल? त्याचे उत्तर वाक्यातच देता आले तर अट ठेवावी. उत्तर केवळ पूर्वीच्या पतीचे किंवा पत्नीचे मन दुखावेल एवढेच असेल, तर ती अट मुलाच्या नावावर लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही.