भरती, बदली आणि मुख्यालय

महाराष्ट्रात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती, 351 पंचायत समित्या आणि 34 जिल्हा परिषदा आहेत. जन्माचा दाखला, घरपट्टी, घरकुलाचा हप्ता, शाळा, लसीकरण अशा कामांसाठी गावातल्या माणसाची गाठ पडते ती याच संस्थांच्या कर्मचाऱ्यांशी. हा कर्मचारी मिळवणे अवघड झाले आहे, आणि मिळाल्यावर त्याला त्या गावात टिकवणे त्याहून अवघड.

पद रिकामे झाले म्हणून लगेच भरता येत नाही. ते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, असावे लागते, आरक्षणाची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, आणि त्यानंतर जाहिरात निघते. जाहिरात निघाली म्हणजे भरती झाली असेही नाही. मार्च 2019 मध्ये जिल्हा परिषदांच्या गट 'क' पदांची जाहिरात आली, लाखो तरुणांनी शुल्क भरून अर्ज केले, परीक्षा लांबत गेली आणि 2022 मध्ये सगळी प्रक्रियाच रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट 2023 मध्ये निघाली. या वेळी 19,460 पदे होती, आणि शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये, तर मागास प्रवर्गाला 900 रुपये होते. पहिला अर्ज पंचविशीत भरलेला उमेदवार दुसरा अर्ज भरताना तिशीला टेकला होता. अभ्यासिकेत गेलेली ही वर्षे कोणत्याच हिशेबात धरली जात नाहीत, याची खंत वाटायला हवी.

नगरपालिकांची अडचण पैशाची आहे. आस्थापनेवरचा खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट असल्याने उत्पन्न तोकडे असलेल्या पालिकेला मंजूर पदेही भरता येत नाहीत. मग सफाई, पाणीपुरवठा, संगणकाचे काम ठेक्यावर जाते. बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा शासन निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये जनक्षोभानंतर मागे घेतला गेला, पण ठेक्यावर माणसे घेण्याची पद्धत संपली नाही.

दरम्यान कामाचे रूप पार पालटले. ग्रामपंचायतीचे दप्तर म्हणजे नमुना 1 ते 33. आजही हे नमुने लिहावे लागतात, आणि त्याच नोंदी ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही भराव्या लागतात. घरकुलाचा पाया खणला की जागेवर जाऊन अ‍ॅपमधून फोटो काढायचा, जोत्यापर्यंत बांधकाम आले की पुन्हा फोटो. रेंज नसलेल्या गावात फोटो मोबाइलमध्येच राहतो आणि हप्ता अडतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली, ती चुकली तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. नागरिकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण दोन-तीन गावांचा कार्यभार एकाच ग्रामसेवकाकडे असेल तर तो एका गावात असताना दुसऱ्या गावचा माणूस बंद दार बघून परत जातो. सप्टेंबर 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पद करण्याचा निर्णय झाला. नाव बदलले, कामाची यादी तेवढीच राहिली.

या ऑनलाइन कामाचा मोठा भार संगणक परिचालक वाहतात. 2011 मध्ये 'संग्राम' प्रकल्पातून ते ग्रामपंचायतीत आले, पुढे 'आपले सरकार सेवा केंद्र' अशी पाटी लागली. दाखला तेच काढून देतात, पण आकृतिबंधात त्यांना जागा नाही आणि मोबदला मानधनाच्या रूपात मिळतो. ज्या कामावर कार्यालय चालते ते काम करणारा माणूसच कर्मचारी मानला जात नाही, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी विसंगती आहे.

जिल्हा परिषदेची कायम नोकरी सहसा कोणी सोडत नाही. सोडले जाते ते गाव. म्हणून टिकवण्याचा प्रश्न इथे राजीनाम्यापेक्षा बदलीशी जोडलेला आहे. संख्येने सर्वांत मोठा वर्ग शिक्षकांचा. त्यांच्यासाठी 2017 च्या धोरणाने गावांची 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' अशी विभागणी केली आणि बदल्या ऑनलाइन आणल्या. वशिला कमी झाला, हे मान्य करावे लागेल. अवघड क्षेत्रातून बाहेर पडण्याची ओढ मात्र कायम राहिली. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याची अट आहे, घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. पण मेळघाटातल्या किंवा धडगावकडच्या पाड्यावर कुटुंबाला राहता येईल अशी भाड्याची खोलीच नसेल, तर अट कागदावरच राहते आणि कर्मचारी तालुक्याच्या गावाहून दुचाकीने ये-जा करतो.

आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी मिळते, म्हणजे तिथे असेपर्यंत वरच्या पदाचा पगार. बदली झाली की पगार मूळ जागी येतो. पैशाने माणूस काही वर्षे थांबतो. मुलांची शाळा आणि दवाखाना यांचा प्रश्न पैशाने सुटत नाही.

दुसरा मार्ग स्थानिक माणूस घेण्याचा. 13 जिल्ह्यांतल्या पेसा कायद्याखालील आदिवासी क्षेत्रात 17 संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात आरोग्यसेविकेला तीच भाषा येत असली तर गरोदर बाई आपले दुखणे मोकळेपणी सांगते. ही तरतूद न्यायालयीन वादात अडकली, आणि 2024 मध्ये निवड झालेल्यांना तूर्त मानधनावर नेमावे लागले.

गावात खऱ्या अर्थाने टिकलेला कर्मचारी म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई किंवा पाणी सोडणारा. तो त्याच गावचा असतो. पहाटे कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, कुठली पाइपलाइन कुठून वळली, हे त्याच्या डोक्यात असते, नकाशात नसते. त्याच्या किमान वेतनातला शासनाचा वाटा ग्रामपंचायतीच्या करवसुलीशी जोडलेला आहे, त्यामुळे लोकांनी घरपट्टी थकवली की पगार याचा थकतो. वर जाण्याची वाट एकच, जिल्हा परिषदेच्या भरतीतला ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचा 10 टक्के कोटा. त्यातून तो गेला तर दुसऱ्या गावी जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्या पोराला व्हॉल्व्हचे फेरे पहिल्यापासून मोजावे लागतात.