‘लो’वरून लॉईड!

आमच्या वरकुट्यात मागच्या महिन्यात एक गोड पेच पडला होता. दादाला मुलगा झाला. गुरुजींनी पंचांग उघडलं, भरणी नक्षत्र, चौथं चरण असं काहीतरी पुटपुटले आणि अक्षर काढून दिलं, ‘लो’. आता ‘आ’ किंवा ‘र’ आलं असतं तर प्रश्नच नव्हता, आरव-आरुष-रुद्र-रियांश अशी रांग लागली असती. पण ‘लो’?

वहिनीने मोबाईलवर नावांचं अ‍ॅप टाकलं आणि घरात मतदान सुरू झालं. लोकेश? दादा म्हणाला, माझ्या वर्गात दोन होते. लोकनाथ? फारच वयस्कर. लोमश? हे मला आवडलं होतं, ऋषींचं नाव आहे म्हणून. पण अर्थ पाहिला तर ‘अंगावर पुष्कळ केस असलेला’. ते तिथेच संपलं. मग वहिनीचं बोट एका नावावर थांबलं. ‘लॉईड. मूळ इंग्रजी. अर्थ राखाडी.’

“राखाडी? पोराचं नाव आहे का रंगाचा डबा?” आजी म्हणाली.

दादाला आठवला एसी. बाबांना आठवला क्लाइव्ह लॉईड. आणि कोपऱ्यात बसलेले आमचे पंच्याऐंशीचे आबा एकदम म्हणाले, “आरं, लॉईड म्हंजी आपल्या धरनाचं नाव की!”

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो. कुठलं धरण? “भाटघर. आमी साळंत व्हतो तवा लॉईड धरनच म्हनायचं. आमच्या वडलांनी उभी हयात त्याच्याच पान्यावर काढली.” आबांचे वडील नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते, हे मला माहीत होतं. धरणाचं नाव मात्र माहीत नव्हतं. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीला हे जरा लागलंच. मग मी शोधायला बसले.

पहिली गोष्ट, अ‍ॅपवाल्यांचं चुकलंय. हे नाव इंग्रजी नाही, वेल्श आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा जो डोंगराळ भाग आहे, तिथली भाषा वेगळी, तिचा इंग्रजीशी जवळचा संबंध नाही. त्या भाषेत ‘ल्लुइड’सारखा एक शब्द आहे, त्याचा अर्थ करडा, राखाडी, कधी कधी तपकिरीसुद्धा. आपल्याकडे ‘भुरा’ शब्द जसा दोन-तीन रंगांना पुरतो, तसंच. केस पिकलेल्या माणसाला लोक तसं म्हणायला लागले, ते टोपणनाव पुढे आडनाव झालं आणि आडनावावरून पोरांची नावं पडायला लागली. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे काळे, गोरे, पांढरे, पिंगळे आहेतच. आणि आजीला मी सांगितलं की तुझ्या पांडुरंगाच्या नावाचा अर्थसुद्धा ‘फिकट पांढऱ्या रंगाचा’ असाच आहे, तेव्हा ती गप्प झाली. (पटलं म्हणून नाही, विठोबाशी वाद नको म्हणून.)

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती उच्चाराची. वेल्शमध्ये या नावाच्या सुरुवातीला जो ‘ल्ल’ आहे, तो इंग्रजांना म्हणताच येत नाही. जीभ ‘ल’ला लावायची आणि बाजूने हवा सोडायची, असला तो आवाज. इंग्रजांनी त्याचं काय केलं? काहींनी सरळ ‘ल’ म्हटलं, झालं लॉईड. काहींना तो ‘फ्ल’ ऐकू आला, झालं फ्लॉईड. म्हणजे लॉईड आणि फ्लॉईड हे एकाच नावाचे दोन चुकलेले उच्चार आहेत! बाहेरून आलेल्या मित्राकडून ‘टिळक’ आणि ‘बाळ’ म्हणवून घेतलं असेल तर वेल्श लोकांचं दुःख तुम्हाला कळेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव चांगलंच चालत होतं. डेव्हिड लॉईड जॉर्ज १९१६ ते १९२२ ब्रिटनचे पंतप्रधान होते. मूकपटांत घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉईड तेव्हाच गाजला. अमेरिकेत त्या काळात पहिल्या शंभर नावांत लॉईड असायचं. नंतर घसरत गेलं. आज तिकडे ते आजोबांचं नाव वाटतं, आपल्याकडच्या लोकनाथसारखं. आपल्या बाजूला गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत अधूनमधून ऐकू येतं. बाकी महाराष्ट्राला लॉईड माहीत आहे तो क्रिकेटमुळे. क्लाइव्ह लॉईडने पहिली कसोटी मुंबईतच खेळली, डिसेंबर १९६६ मध्ये ब्रेबॉर्नवर. पुढे जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिलीवहिली कसोटी झाली, तिच्यात त्याने नाबाद २४२ काढले. आणि १९८३ च्या फायनलला हरलेला कॅप्टन तोच. बाबा हे सगळं न बघता, एका दमात सांगतात.

पण मला हवा होता आबांचा लॉईड.

तो निघाला सर जॉर्ज लॉईड, १९१८ च्या डिसेंबरपासून १९२३ पर्यंत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अटक झाली ती याच्याच कारकिर्दीत. मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले तेही याच काळात. साहेबाला बांधकामाची मोठी हौस होती. मुंबईत बॅकबेचा समुद्र बुजवायला काढला, सिंधमध्ये सक्करला सिंधू नदीवर प्रचंड बराज काढला. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकातलं एक धरण होतं, त्याच्या तलावाला एका इंजिनिअरच्या नावावरून ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. ते पाणी कमी पडायला लागलं, म्हणून त्याच्याऐवजी मोठं दगडी धरण बांधलं. ते १९२८ मध्ये पुरं झालं. तोवर लॉईडसाहेब मुंबई सोडून गेले होते, पण धरणाला नाव त्यांचंच लागलं.

आज या धरणात साधारण साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. ते नीरा नदीत येतं, खाली वीरला अडतं आणि दोन कालव्यांत फुटतं. उजवा जातो फलटण, माळशिरसकडे. डावा पुरंदरमधून बारामतीला आणि पुढे आमच्या इंदापूर तालुक्यात. बारामती-इंदापूरचा ऊस, साखर कारखाने आणि त्यावर उभं राहिलेलं राजकारण या पाण्याशिवाय झालं नसतं. माझ्या कॉलेजची फीसुद्धा उसाच्या बिलातूनच गेली आहे. म्हणजे वेल्समधल्या कुठल्या तरी पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याचं टोपणनाव फिरत फिरत आमच्या सात नंबरच्या फॉर्मपर्यंत आलेलं आहे, आणि घरात एका माणसाला सोडून कुणाला पत्ता नाही.

पत्ता नसण्याचं एक कारण, जलाशयाचं नाव आता येसाजी कंक जलाशय आहे. शिवरायांचे सरदार येसाजी कंक त्याच भोर खोऱ्यातले, भुतोंड्याचे. नाव बदललं ते मला योग्यच वाटतं. गांधीजींना तुरुंगात टाकणाऱ्याचं नाव आपण का मिरवावं? सक्करलाही आता ‘लॉईड बराज’ कुणी म्हणत नाही. पण खरं सांगू? आमच्याकडे ‘येसाजी कंक’ही कुणी म्हणत नाही. आवर्तन कधी सुटणार हे विचारताना माणसं ‘भाटघर किती भरलं?’ एवढंच विचारतात. उजनीच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर आहे, आम्ही उजनीच म्हणतो. खडकवासल्याच्या तलावाला इंग्रजांनी ‘लेक फाईफ’ नाव दिलं होतं, ते तर पुसलंच गेलं.

आमच्या गावाचंही तसंच. इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन, एक खुर्द आणि एक बुद्रुक. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे थोरलं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. एसटीच्या पाटीवर असतात. बोलताना दोन्ही गावांतले लोक आपल्या गावाला नुसतं वरकुटेच म्हणतात आणि मग पाहुणा चुकीच्या गावात उतरतो.

मी आबांना विचारलं, तुमच्या वडिलांनी कधी तो लॉईड साहेब पाहिला होता का? “न्हाई. त्यांनी चारीवरचं दार पाह्यलं. रात्री कंदील घिऊन कुनाचं पानी कुनी फोडलं ते बघायचं. भांडनं लई व्हायची. एकदा डोक्यात फावडं बसलं व्हतं.” त्या पणजोबांचं नाव मला ठाऊक होतं का? नव्हतं. ते विचारायची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली. लॉईडची सगळी कुंडली माझ्या वहीत होती.

“लक्षुमन,” आबा म्हणाले. “पर समदी त्यास्नी पाटकरीच म्हनायची.”

बारसं रविवारी झालं. वहिनीने ‘लॉईड’ला शेवटपर्यंत पाठिंबा दिला असता, पण तिच्या आईने फोनवर जे काही ऐकवलं त्यानंतर विषय बंद झाला. आत्याने बाळाच्या कानात ‘लोहित’ सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. लोहित म्हणजे लालसर. रंगातून सुटका नाहीच. संध्याकाळी आबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि हाक मारली, “काय रं पाटकऱ्या?” तेव्हापासून घरात सगळे त्याला तेच म्हणतायत. वहिनी सोडून.