काकूंचे मेल आणि कापलेले २५ एमबी

पुनर्विकासाच्या बातम्या आल्यापासून काळाचौकीच्या अभ्युदयनगरात आमच्या मजल्यावर माळे आवरणं सुरू आहे. समोरच्या काकांच्या माळ्यावरून जुना कम्प्युटर निघाला, काकूंनी शिवलेल्या कव्हरसकट. भंगारवाला दारात असतानाच काकांनी मला हाक मारली. "अगं, तू ते मीडियाचं शिकतेस ना? यातून तुझ्या काकूचे मेल निघतात का बघ."

मीडिया म्हणजे कम्प्युटर रिपेअर नव्हे, हे सांगायचं धाडस झालं नाही.

दादा २००३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेला, तेव्हा हा कम्प्युटर आला. काकू संध्याकाळी एका बोटाने टाइप करत त्याला मेल करायच्या. दादाचं तिकडचं कॉलेजचं अकाउंट केव्हाच बंद झालंय.

'मग काकांच्या अकाउंटला लॉगिन करा की!' असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं. पण एक जीबी जागा देणारं जीमेल आलं एप्रिल २००४ मध्ये. त्याआधी हॉटमेलच्या फुकट खात्यात जेमतेम २ एमबी मिळायचे! म्हणून अनेक जण आउटलुकसारख्या प्रोग्रामने मेल घरच्या कम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून ते पुसले जायचे. सगळी मेलबॉक्स एकाच पीएसटी फाइलमध्ये. आउटलुक २००२ पर्यंत या फाइलची मर्यादा होती २ जीबी. काकांनी ऑफिसचे फॉरवर्ड, दादाचे बर्फातले फोटो, काही म्हणजे काही डिलीट केलं नाही. २०१० मध्ये फाइल उघडेनाशी झाली. काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारू. काकांनी कम्प्युटर माळ्यावर ठेवला.

लालबागचा माझा मित्र आयटी करतोय. त्याने लॅमिंग्टन रोडवरून अडॅप्टर आणून जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. पहिलं काम, फाइलची कॉपी. मूळ फाइलला हातच लावायचा नाही, यावर तो हटून बसला आणि बरोबरच होतं ते. आउटलुकसोबत 'स्कॅनपीएसटी' हे दुरुस्तीचं टूल येतं, पण मर्यादा ओलांडलेली फाइल त्याला पचेना. अशा वेळी मायक्रोसॉफ्टचंच एक जुनं टूल फाइलचं शेपूट कापून देतं. साधारण २०-२५ एमबी कापतात. कापलेलं मात्र गेलंच. त्यात काय आहे, ते आधी कळत नाही.

"काका, कापू?" मित्राने विचारलं.

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काप."

मग पुन्हा स्कॅनपीएसटी. रात्री अकराला 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचा फोल्डर दिसला. मेलची नुसती खिचडी, बरेच फोटो उघडतच नव्हते. ते सगळं नव्या फाइलमध्ये हलवलं, पेन ड्राइव्हवर आणखी एक कॉपी घेतली.

काकूंचे मेल ओळखायला वेळ लागला नाही. आत सगळं कोरं, पत्र सब्जेक्ट लाइनमध्ये! मेलच्या पोटात लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. इंग्रजी अक्षरांत मराठी: स्वेटर घाल, पप्पांचं बीपी वाढलंय पण तू विचारू नकोस, लिफ्ट परत बंद.

काका चष्मा पुसत म्हणाले, "बीपीचं हिने त्याला कळवलं होतं होय!"

मग त्यांनी विचारलं, प्रिंट काढायला किती पैसे पडतील?