बदकाच्या पोटातलं दुकान

भोपाळमध्ये अयोध्या नगराला लागून जाणाऱ्या बायपासवर दुतर्फा पाट्याच पाट्या. गाडीतल्या माणसाची एक वाचून होत नाही, तोवर दुसरी मागे पडलेली असते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बदकं पाळणाऱ्या मार्टिन मॉररने १९३१ मध्ये हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. पाटीच्या भानगडीत न पडता त्याने दुकानच बदकाच्या आकाराचं बांधलं.

कॅलिफोर्नियात कॉफीच्या किटलीच्या आकाराचं एक दुकान पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. नाटकांचे सेट करणारे कारागीर हाताशी धरले आणि नमुन्याला एक जिवंत बदक समोर बांधून ठेवलं. लाकडी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट आणि वरून पांढरा रंग. उंची वीस फूट, लांबी तीस फूट. डोळ्यांच्या जागी फोर्ड मॉडेल टी मोटारीचे मागचे लाल दिवे! दार छातीत, आणि आत साफ केलेली बदकं व अंडी विक्रीला. हे दुकान आधी रिव्हरहेडला होतं. काही वर्षांनी मॉररने ते उचलून शेजारच्या फ्लँडर्सला नेलं.

आपल्याकडे रसवंतीवाल्यांनी हेच काम कानांकडून करून घेतलं. चरकाचे बैल गेले, मोटर आली, तरी घुंगरू राहिले. गिऱ्हाईक पाटी वाचण्याआधीच थबकतं.

वास्तुकलेच्या जाणकारांनी मात्र या बदकाला बराच काळ नाकं मुरडली. पीटर ब्लेक यांनी १९६४ च्या पुस्तकात अमेरिकेच्या विद्रूपतेचा नमुना म्हणून त्याचा फोटो छापला. १९७२ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर यांनी इमारतींचे दोन वर्गच पाडले: ज्यांचा आकारच त्यांची ओळख सांगतो ती ‘बदकं’, आणि साध्या खोक्यावर पाटी चढवलेल्या ‘सजवलेल्या शेड’. त्यांचा स्वतःचा कल शेडकडे होता. हिशेबाने ते बरोबरच. उद्या बदकांऐवजी पादत्राणं विकायची झाली, तर पाटी बदलता येते, चोच नाही. पण मॉररला उद्या दुसरं काही विकायचंच नव्हतं. १८७३ मध्ये चीनहून अमेरिकेत आलेली मूठभर पेकिन बदकं लाँग आयलंडच्या खाड्यांकाठी अशी रुजली होती, की पुढे तिथून वर्षाला लाखो बदकं बाजारात जाऊ लागली.

तो धंदाच आटला. जमिनी महागल्या, पाण्याच्या प्रदूषणाचे नियम कडक झाले, फार्म एकामागून एक बंद पडले. १९८४ मध्ये दुकानही थांबलं. जागा विकली जाणार म्हणून तिथल्या सफक काउंटीने बदक ताब्यात घेऊन दुसरीकडे हलवलं, १९९७ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत त्याचं नाव लागलं आणि २००७ मध्ये ते फ्लँडर्सला परतलं. आता आत अंडी मिळत नाहीत, बदकाची चित्रं आणि खेळणी मिळतात. लाँग आयलंडवर उरलेल्या शेवटच्या मोठ्या बदक फार्मवर जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू शिरला आणि सुमारे एक लाख बदकं मारावी लागली. वाचवलेल्या अंड्यांमधून पुन्हा पिल्लं उबवली गेली.