पाऊण तास जातो कुठे?

मुंबई ते दिल्ली हे सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जातं. म्हणजे साध्या भागाकाराने दीड तासाच्या आतच दिल्ली यायला हवी. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची सुटण्याची वेळ उड्डाणाची नसते. दारं बंद होतात, चाकांपुढचे ठोकळे काढले जातात, टग विमानाला मागे ढकलू लागतो, तेव्हा हे घड्याळ सुरू होतं. ते थांबतं दिल्लीला विमान आपल्या जागी उभं राहिल्यावर. मधलं धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि रांगेत थांबणं त्यातच मोजलेलं असतं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी जवळपास एकीवरच काम चालतं आणि गर्दीच्या वेळी रांग वाढते.

हवेत गेल्यावरही पूर्ण वेग लगेच मिळत नाही. दहा हजार फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. शिवाय वारा ज्या बाजूने असेल त्या बाजूला तोंड करून विमान उडतं आणि उतरतं, मग गरजेप्रमाणे वळसा घेतं. आकाशातले मार्गही ठरलेले असतात. नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ विमान क्वचितच पाळतं.

लांबच्या प्रवासात वारा हिशेब बदलतो. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनहून परतताना साधारण तासभर वाचतो. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या गावच्या असतात, म्हणून दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नये. लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.

विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी उसंतही धरून ठेवतात. म्हणूनच मुंबईहून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कधीकधी दिल्लीला अगदी वेळेवर पोचतं. वैमानिकाने फार वेग वाढवलेला असतो असं नाही, ती मिनिटं आधीच हिशेबात होती.

देशांतर्गत प्रवासासाठी घरच्या घरी अंदाज बांधायचा तर हवाई अंतराला ८०० ने भागावं आणि त्यात पाऊण तास मिळवावा. मुंबई–नागपूर सुमारे ६८० किलोमीटर आहे. भागाकाराने ५१ मिनिटं, वर पाऊण तास, म्हणजे एक तास छत्तीस मिनिटं. वेळापत्रकातला आकडा याच्या जवळपासच सापडेल. घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी आणि बॅगेची वाट पाहणं यांचा हिशेब मात्र वेगळा धरावा. नागपूरसारख्या जवळच्या प्रवासात तोच बहुधा उड्डाणापेक्षा मोठा निघतो.