माटोळी आणि वडीलधाऱ्यांची शिकवण



श्रीगणेश चतुर्थी जवळ आली की गोमंतकात घरोघरी माटोळीची तयारी सुरू होते. परगावी वाढलेल्या आपल्या नव्या पिढीसाठी थोडे सांगणे आवश्यक वाटते. श्रींच्या मूर्तीवर आडवी टांगलेली लाकडी चौकट म्हणजे माटोळी. तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंग, निरफणस, चिबूड व आंबाडे बांधतात. सोबत रानातील कांगले (मालकांगोणी), घागऱ्या आणि कवंडळे असतात. हे सारे केवणीच्या सालीच्या दोराने बांधण्याची रीत आहे. पावसाळ्यात भूमीने जे दिले, ते प्रथम देवास अर्पण करावे, हा यामागील भाव होय.

परंतु माटोळी ही केवळ सजावट नव्हे, ती वडीलधाऱ्यांची शाळा होती. चतुर्थीच्या दोन दिवस आधी आमचे थोरले काका आम्हा मुलांना डोंगरावर नेत. कवंडळ दिसायला लालबुंद, पण तोंडात घालू नये. केवणीची साल कशी सोलावी. कोणता वेल कोणत्या झाडावर चढतो, हे ते चालता चालता सांगत. एकदा घाईघाईने मी कांगल्याचा वेल कोयतीने बुडापासूनच तोडला. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षीचे कांगले तू आजच तोडलेस." त्या वर्षी आमच्या माटोळीला त्यांनी एकच घोस बांधला, उरलेले सर्व शेजाऱ्यांच्या घरी पोचते केले. गरजेपुरते घ्यावे, मूळ राखावे आणि अधिक असेल ते वाटावे, हा धडा मला पुस्तकात कोठेही इतका स्पष्ट मिळाला नाही.

काका निवर्तल्यानंतरच्या चतुर्थीस माझ्या मुलाने एक रानफळ हाती घेऊन त्याचे नाव विचारले. मला ते सांगता आले नाही. काका असताना मी कधी विचारलेच नव्हते.

आज माटोळीचे सामान बाजारात विकत मिळते. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे या परंपरेकडे लक्ष वेधले गेले, हे स्तुत्य आहे. तथापि, दुर्मिळ फळांच्या चढाओढीत रान ओरबाडले जाऊ नये, ही दक्षता आपणच घ्यावयास हवी. डिचोलीतील कित्येक डोंगर खाणींनी पोखरले गेले, पेडण्यातील मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली. जे रान उरले आहे, त्याची ओळख असलेली माणसेही आता थोडीच आहेत.

म्हणून सर्वांस नम्र विनंती की, येत्या चतुर्थीस घरातील वृद्धांना माटोळीजवळ बसवावे, प्रत्येक फळाचे नाव व उपयोग विचारावा आणि मुलांकडून तो वहीत लिहून घ्यावा. आमच्या घरी अशी वही आहे. तिच्यात त्या एका फळापुढची जागा अद्याप रिकामीच आहे.



— सचिव